साआरा ते ग्रासालेमा: पालोमासचा घाट चढण्याआधी गिअरचे दात मोजा

भाड्याची सायकल घेताना दुकानदाराच्या शब्दावर अजिबात जाऊ नका. मी गेलो, आणि स्पेनमधल्या सगळ्यात देखण्या घाटात साडेतीन किलोमीटर सायकल ढकलत चाललो. ईमेलवर तीनदा लिहिलं होतं की पुढच्या दोन चकत्या ५०-३४ दातांच्या आणि मागची सगळ्यात मोठी चकती निदान ३२ दातांची पाहिजे, तिन्ही वेळा उत्तर आलं की हो, डोंगराचेच गिअर आहेत, काळजी नको. मालागात सायकल ताब्यात घेतली तेव्हा सीटची उंची लावली, पेडल बसवले, हवा बघितली, रोंदा या गावाची गाडी गाठायची होती, राइड तिथून सुरू होणार होती, म्हणून बाकी काही बघितलं नाही. दात कधी मोजले, तर राइडच्या दुसऱ्या दिवशी घाटात, बोटाने ग्रीस पुसून. पुढे ५२-३६, मागे ११-२८. पुढे दात जास्त, मागे कमी, म्हणजे सपाटीवर शर्यत लावणाऱ्याचे गिअर.

ज्यांना वाटतं दोनचार दातांनी काय होतंय त्यांच्यासाठी हिशोब देतो. दहा टक्के चढावर दमलेला माणूस ताशी सातने चालतो असं धरा. पुढे ३६, मागे २८ वर त्या वेगाला मिनिटाला फक्त ४३ वेळा पाय फिरतो, ३४-३२ वर तोच ५२ वेळा. ४३ म्हणजे पेडल मारणं नाहीच, एका पायावर उठाबशा काढणं आहे, आणि हे वीस मिनिटं केलं की गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला जे दुखायला लागतं ते अजून पूर्ण गेलेलं नाही. मी साताऱ्याचा, यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा चढतो, त्यामुळे तयारी नव्हती असं कुणी म्हणू नये.

बरोबर मेहुणा होता, तो जर्मनीत असतो, स्वतःची सायकल घेऊन आला होता, पुढे ३४ आणि मागेही ३४. आमचा रूट रोंदा, सेतेनिल, ओल्वेरा, आल्गोदोनालेस, साआरा, ग्रासालेमा, परत रोंदा. आंदालुसियातली ही पांढरी गावं. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, मे महिना, तीन दिवस. ज्याचे पाय तयार आहेत तो दोन दिवसांत करेल.

पहिला दिवस मस्त गेला, त्यावर जास्त लिहीत नाही. सेतेनिलमध्ये घरं अक्षरशः कातळाखाली घुसवलेली आहेत, एका गल्लीचं नाव उन्हातल्या गुहा आणि दुसरीचं सावलीतल्या गुहा. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर टूरवाल्यांच्या बस आल्या की पाय ठेवायला जागा नाही. ओल्वेरात वर किल्ला आणि चर्चपर्यंत सायकल नेऊ नका, गल्ल्या भिंतीसारख्या उभ्या आहेत आणि सायकलच्या बुटांनी फरशीवर घसरायला होतं, खालीच लॉक करून चालत जा.

ओल्वेराहून आल्गोदोनालेसला जाणारा ए-३८४ रस्ता रुंद आहे पण कंटाळवाणा आणि ट्रकवाला. तिथला नियम असा की सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं, आणि खरंच सोडतात, मागे शांतपणे थांबून राहतात, हॉर्न नाही. पहिल्या ट्रकवाल्याला मी हात केला तर त्यानेही केला. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, ते विसरू नका. जाड टायर असतील तर हा रस्ता सोडून ओल्वेरातूनच सुरू होणारी व्हिया वेर्दे घ्या. रेल्वेसाठी खोदलेला मार्ग, ज्यावर कधीच गाडी धावली नाही, आता पुएर्तो सेर्रानोपर्यंत ३६ किलोमीटर सायकलसाठी केलाय, ३० बोगदे आणि ४ मोठे पूल आहेत. बोगद्यांसाठी लाईट हवाच. माझे टायर २५ मिलिमीटरचे, बारीक होते म्हणून मी गेलो नाही.

आता पालोमासचा घाट. साआरा दे ला सिएर्रा हे गाव धरणाच्या निळ्याहिरव्या पाण्यावर सुळक्याला चिकटलंय, वर बुरूज. १४८१ च्या डिसेंबरात ग्रानादाच्या मुस्लिम सुलतानाने ख्रिश्चनांच्या ताब्यातला हा गड अचानक छापा घालून घेतला आणि तिथून जी लढाई पेटली ती १४९२ ला ग्रानादा पडल्यावरच थांबली. आमच्याकडे गड बघत वाढलेल्या माणसाला तो बुरूज खालून बघून राहवत नाही, पण घाटाच्या दिवशी वर चढू नका, पाय शिल्लक ठेवा. आदल्या संध्याकाळी जा.

गावाखालून सीए-९१०४ रस्ता सुरू होतो, ग्रासालेमापर्यंत साधारण १७ किलोमीटर, त्यातले बारा-तेरा नुसते चढाचे. सरासरी सात टक्क्यांच्या आसपास दाखवतात पण सरासरीवर विश्वास ठेवू नका, मधले तुकडे दहाच्या वर जातात आणि एकापाठोपाठ एक येतात. सुरुवातीला झाडी आहे, सावली आहे, वाटतं जमतंय. मग गार्गांता वेर्दे नावाच्या दरीची पार्किंगची जागा लागते, त्यानंतर रस्ता उघड्या कातळातून वळत जातो आणि पुढची पाच-सहा वळणं एकदमच डोळ्यांसमोर उभी राहतात, एकावर एक, वर दगडी कठडे. त्या तुकड्यात मी उतरलो. मेहुणा पुढच्या वळणावरून ओरडला, "दाजी, बसा थोडं, घाई नाही." बसलो. बाटलीत दोन घोट पाणी. दुपारचे दीड.

पाण्याचं आधी नीट ऐका. त्या चढावर नळ, दुकान, टपरी काहीच नाही. आम्ही रविवारी निघालो, साआरातलं किराणा दुकान बंद, आणि इतर दिवशीही दुपारी दोन ते पाच-साडेपाच गावं कुलूप लावल्यासारखी असतात. बारमध्ये अर्ध्या लिटरच्या पाण्याला दोन युरो घेतले, दिले, तेव्हा चार बाटल्या घ्यायला पाहिजे होत्या, दोनच घेतल्या. गावातल्या दगडी कारंज्याचं पाणी भरता येतं, पण पाटी वाचा: "नो पोताब्ले" असेल तर पिऊ नका, "सिन त्रातार" म्हणजे शुद्ध न केलेलं. माणशी दोन मोठ्या बाटल्या भरून, सकाळी आठला चढायला लागा. आम्ही साडेअकराला लागलो, ती सरळसरळ चूक.

वर पोचलो तेव्हा मात्र सगळं दुखणं विसरलो. खिंडीत कठड्याला सायकल टेकवली आणि खाली बघितलं तर गिधाडं आमच्या खाली उडत होती, पाठ दिसत होती त्यांची, तपकिरी, पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी वेगवेगळी पसरलेली, आणि त्यांच्याही खूप खाली धरणाचं पाणी. मेहुणा आणि मी दहा मिनिटं एक शब्द बोललो नाही. पुन्हा जाईन का? उद्या. चांगल्या गिअरवर.

ग्रासालेमा चार-पाच किलोमीटर उतरून. स्पेनमधल्या सर्वात जास्त पावसाच्या जागांपैकी ही एक, वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तो आकडा मोठा वाटणार नाही पण ढग तसाच अचानक येतो, तेव्हा मे मध्येही विंडचीटर खिशात ठेवा, घामेजलेल्या अंगाने उतरताना दात वाजतात. चौकात बसून पायोयो या तिथल्या जातीच्या शेळीचं चीज आणि टोमॅटो लावलेला पाव खाल्ला. न मागता टेबलावर आलेल्या पावाचेही बिलात पैसे लागतात, नको असेल तर लगेच परत द्या. साल्मोरेखो (टोमॅटोचं थंड घट्ट सूप) मागवताना हॅम नको असेल तर "सिन खामोन" आधीच सांगा.

परत मालागात सायकल दिली तर दुकानदाराने मागच्या रिमवरचा एक ओरखडा दाखवून डिपॉझिटमधून ९५ युरो कापले. ओरखडा घेतानाच होता, पण माझ्याकडे पुरावा नाही. गिअरचं विचारलं तर खांदे उडवले. म्हणून: सायकल ताब्यात घेतानाच दुकानदारासमोर दोन्ही चाकं, फ्रेम, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) यांचा व्हिडिओ काढा. चेनरिंगवर, म्हणजे पुढच्या चकतीवर, आणि मागच्या मोठ्या चकतीवर दातांचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा, नसेल तर बोटाने मोजा. "प्लातो कॉम्पाक्तो" हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे पुढे ५०-३४ च्या चकत्या. सांगितलेले गिअर नसतील तर तिथेच सायकल परत करा, सुट्टीचा एक दिवस गेला तरी चालेल.

आणि गिअर वाईटच मिळाले तर रूट उलटा करा, रोंद्याहून आधी ग्रासालेमा आणि तिकडून पालोमास, तो चढ छोटा आणि सोसवणारा आहे. फक्त मग साआराकडे तो सगळा उतार तुमच्या वाट्याला येतो, वळणं आंधळी आहेत आणि रस्त्यावर शेळ्या असतात, ब्रेक पॅड आदल्या रात्री बघून ठेवा.