परतीचा वारा

वास्को द गामाच्या पहिल्या सफरीविषयी वाचताना मी दोन प्रवासांच्या तारखा नेहमी शेजारी शेजारी लिहून ठेवतो. २४ एप्रिल १४९८ रोजी त्याची जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीहून सुटली आणि २० मे रोजी कालिकतजवळ नांगरली. मधला खुला समुद्र त्यांनी सुमारे २३ दिवसांत ओलांडला होता. परतताना ती ५ ऑक्टोबरला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाली आणि आफ्रिकेचा किनारा त्यांच्या दृष्टीस पडला तो २ जानेवारी १४९९ रोजी. समुद्र तोच, जहाजे तीच, खलाशीही तेच; तरीही येताना जे अंतर साडेतीन आठवड्यांत कापले गेले, त्याला जाताना जवळपास तीन महिने लागले.

मसाल्यांच्या सागरी मार्गाचा शोध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरची एक रेघ उभी राहते. त्या शोधातला सर्वांत अवघड भाग मात्र घरी परत नेणारा वारा सापडणे हा होता, असे माझे मत वाचनातून हळूहळू पक्के होत गेले आहे, आणि या लेखात मला तेच मांडायचे आहे.

त्याआधी एका रूढ समजुतीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीय लोक समुद्राकडे वळले, असे मीही शाळेत शिकलो. परंतु पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता घेतले ते १४१५ मध्ये, आणि त्यांची जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली तीही १४५३ च्या आधीच. मलबारची मिरी तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तमध्ये येई आणि व्हेनिसचे व्यापारी ती अलेक्झांड्रियाच्या बाजारात विकत घेत. इजिप्तवर तेव्हा मामलुक सुलतानांचे राज्य होते; तुर्कांनी ते जिंकले १५१७ मध्ये, म्हणजे गामा कालिकतला पोहोचल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. मार्ग बंद नव्हता. हातोहाती विकल्या जाणाऱ्या मालाच्या किमतीत प्रत्येक टप्प्यावर भर पडत होती आणि तो नफा दुसऱ्यांच्या पदरात जात होता, ही पोर्तुगालची खरी सल होती.

आता वाऱ्याकडे वळू. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर बोजादोर नावाचे भूशिर आहे. तिथे वारा आणि समुद्रप्रवाह दोन्ही दक्षिणेकडे नेतात, त्यामुळे पुढे जाणे सोपे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मागे येणे अतिशय कष्टाचे. १४३४ मध्ये जिल इआनिश हा पोर्तुगीज नाविक ते भूशिर ओलांडून सुखरूप परतला. पुढच्या दशकांत पोर्तुगीज नाविकांनी परतीसाठी जी युक्ती रुळवली ती वरकरणी वेडेपणाची वाटावी अशी आहे: घराकडे जाण्यासाठी घराकडे तोंड करायचेच नाही. किनारा सोडून वायव्येला खोल महासागरात शिरायचे, अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत चढायचे आणि तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे पश्चिमी वारे शिडात भरून पोर्तुगाल गाठायचे. जमीन दिसेनाशी होऊ देण्याचे हे धाडस मला केवळ शौर्याचे वाटत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून आलेला तो विश्वास होता. कोलंबसनेही १४९२ मध्ये कॅनरी बेटांपासून पूर्वेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर पश्चिम गाठली आणि पुढच्या वर्षी उत्तरेकडे चढून पश्चिमी वाऱ्यांवर तो परतला.

हेच तत्त्व दक्षिण गोलार्धात उलट बाजूने लागू पडले. पोर्तुगीज नाविक बार्तोलोमेउ दियाश १४८८ च्या आरंभी किनाऱ्यापासून दूर दक्षिणेला गेला, मग पूर्वेकडे आणि उत्तरेकडे वळला, आणि फेब्रुवारीत किनारा दिसला तेव्हा आफ्रिकेचे टोक मागे पडलेले होते. नऊ वर्षांनी गामाने याचा पुरेपूर उपयोग केला. ऑगस्ट १४९७ मध्ये केप व्हर्दी बेटे सोडल्यावर त्याने अटलांटिकमध्ये प्रचंड वळसा घेतला आणि सुमारे तीन महिने त्याच्या माणसांना जमीन दिसली नाही. भारतापर्यंतचा शेवटचा टप्पा त्या मानाने किरकोळ होता, कारण मालिंदीच्या सुलतानाने त्याला वाटाड्या दिला होता आणि नैऋत्य मोसमी वारे नुकतेच सुरू होत होते. तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते, पण आजचे अभ्यासक ती मान्य करत नाहीत. तो कोणीही असो, त्याच्याजवळचे ज्ञान त्या किनाऱ्यांवर शतकानुशतके नांदत होते. पहिल्या शतकात इजिप्तमधून मलबार किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराला येणारी रोमन व्यापाराची जहाजेही याच वाऱ्यांवर येत असत.

गामाने ते ज्ञान येताना वापरले आणि जाताना धुडकावले, किंवा त्याला ते धुडकावावे लागले. कालिकतच्या सामुद्री राजाशी त्याचे बिनसले होते. भेट म्हणून त्याने पुढे केलेली पट्ट्यांची कापडे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध पाहून तिथले अधिकारी हसले होते. ऑगस्टअखेर त्याने कालिकत सोडले आणि परत नेणारा ईशान्येचा वारा स्थिरावण्याआधीच अंजदीवहून शिडे उभारली. सफरीतल्या एका माणसाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, आणि तिच्यातला हा भाग वाचवत नाही. वारा पडलेला किंवा उलटा, पाणी मोजून दिलेले, हिरड्या सुजून दातांवर आलेल्या, पाय सुजलेले. या एका टप्प्यात ३० माणसे दगावली आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगी सात-आठच उरली. मालिंदीत पोहोचताच त्यांनी आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. चालवायला माणसेच नसल्यामुळे ‘साओ राफाएल’ हे जहाज त्यांना स्वतःच्या हाताने जाळावे लागले. पुढच्या काळात पोर्तुगीज ताफे डिसेंबर-जानेवारीत भारताचा किनारा सोडू लागले, तो धडा या प्रेतांनी शिकवलेला होता.

पॅसिफिकमध्ये हा प्रश्न याहून बिकट ठरला. लवंग तेव्हा जगात फक्त आजच्या इंडोनेशियातील मलुकू बेटांपैकी तेर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या मोजक्या बेटांवर पिकत असे. स्पेनसाठी निघालेल्या मॅगेलनच्या ताफ्यातील ‘व्हिक्टोरिया’ लवंगा भरून पश्चिमेच्या दिशेने, पोर्तुगिजांच्या समुद्रातून लपतछपत, सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला पोहोचले. तिच्यावर १८ युरोपीय उरले होते. सोबतच्या ‘त्रिनिदाद’ने पूर्वेकडे पॅसिफिक ओलांडून परतण्याचा प्रयत्न केला, पण योग्य वारा न मिळाल्याने तिला माघारी फिरावे लागले आणि ती पोर्तुगिजांच्या हाती पडली. नंतरचे प्रयत्नही फसले. १५२९ च्या झारागोझा तहात स्पेनने मलुकू बेटांवरचा हक्क ३,५०,००० डुकाटांना पोर्तुगालकडे सोडला. स्पेनच्या राजाला पैशाची निकड होती हे खरे. पण ज्या बेटांवरून माल घरी आणताच येत नाही त्यांचा हक्क विकणे सोपे गेले असावे, असे मला वाटते.

तो वारा सापडला १५६५ मध्ये. १ जूनला फिलिपिन्समधील सेबूहून निघालेले स्पॅनिश जहाज आंद्रेस दे उर्दानेता या नाविकाच्या मार्गदर्शनाखाली जपानच्या अक्षांशापर्यंत उत्तरेला चढले, तिथल्या पश्चिमी वाऱ्यांवर पॅसिफिक ओलांडून ८ ऑक्टोबरला मेक्सिकोतील आकापुल्कोला पोहोचले. अझोर्सकडे चढण्याचीच ती जुनी युक्ती होती, फक्त कितीतरी मोठ्या महासागरावर. त्या मार्गाने पुढची अडीचशे वर्षे, १८१५ पर्यंत, मनिलाची जहाजे ये-जा करत राहिली. त्यांच्या पोटात मुख्यतः चिनी रेशीम असे आणि लवंगांची बेटे तोवर स्पेनने विकून टाकलेली होती.