तारखेची स्तोत्रं

आज १९ तारीख. म्हणजे माझ्या वाट्याला बायबलमधलं स्तोत्र १९, ४९, ७९, १०९ आणि १३९. त्यातलं १०९वं आईसमोर मोठ्यानं वाचायला मला आजही कसंतरीच होतं. स्तोत्रकर्ता दावीद राजा त्यात वैऱ्याचं काही म्हणून शिल्लक ठेवत नाही. त्याचं आयुष्य थोडं होवो, त्याचं पद दुसऱ्याला मिळो, सावकार त्याचं सगळं घेऊन जावो, त्याच्या पोरांवर कुणी दया करू नये. आई डोक्यावरून पदर घेऊन शांतपणे ऐकते आणि एवढंच म्हणते, "हं, पुढचं वाच."

हिशोब सोपा आहे. स्तोत्रं १५०, महिन्याचे दिवस ३०. आजची तारीख घ्यायची आणि तीस-तीस मिळवत जायचं. पाच स्तोत्रं होतात. मोठ्यानं वाचली तरी वीस मिनिटांत आटपतं. मी तरुण संघात होतो तेव्हा एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी ही पद्धत सांगितली. महिन्याभरात सगळी स्तोत्रं संपवायची रीत तशी बरीच जुनी. इंग्लंडच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, १५४९ साली जे प्रार्थनापुस्तक काढलं, त्यातच तीस दिवसांची वाटणी आहे. फक्त तिथं उड्या न मारता ओळीनं वाचायचं. त्याच्याही हजार वर्षं आधी बेनेदिक्त नावाच्या संन्याशानं आपल्या मठासाठी नियम लिहिले, त्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याला म्हणायची. वर टोमणा असा, की आपले वाडवडील हे एका दिवसात म्हणायचे, आपण आळशी माणसं, निदान आठवड्यात तरी म्हणू या. हे वाचल्यावर वीस मिनिटांचं कौतुक कुणाला सांगायला तोंड उरत नाही.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं, म्हणजे धातूचे भाग कातायच्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. साडेआठला शटर वर जायला लागतं, नाहीतर पोरं बाहेर चहाच्या गाड्यावर बसतात आणि मग नऊ वाजतात. घर राजारामपुरीत, त्यामुळं जायला वेळ लागत नाही. साडेपाचला उठतो. प्रभूनं सांगितलंय, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. आमच्या घरात मी दार लावून बसलो तर आई मोरीत जाणार कुठून? म्हणून स्तोत्रं आईजवळ स्वयंपाकघरात वाचतो आणि प्रार्थनेला गच्चीच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतो. त्या वेळेला गल्लीत दूधवाला, लांबून अजान, कुणाच्या तरी घरात लावलेली भूपाळी, सगळं एकदमच चालू असतं. मला त्याचा त्रास होत नाही. शहर उठून आपापल्या परीनं हात जोडतंय, त्यात मी एक. १ तारखेला १२१वं स्तोत्र येतं, डोंगरांकडे दृष्टी लावण्याचं. हवा स्वच्छ असली की वायव्येला जोतिबा-पन्हाळ्याची ओळ दिसते आणि स्तोत्रातला प्रश्न तिथं बसूनच विचारावासा वाटतो: साहाय्य कुठून येईल? उत्तर दुसऱ्याच ओळीत आहे, डोंगर करणाऱ्याकडून.

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळीतले कितीतरी जण मला विचारतात की असं तारखेला बांधून का घेतोस, ज्या दिवशी जे हवं ते वाचावं की! मला नेमकं तेच नको आहे. मला निवडू दिलं तर मी रोज २३वं वाचीन. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. चहाबरोबर वाचायला याच्याइतकं बरं काही नाही. पण मग बाकीची १४९ कुणासाठी लिहिली?

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारी वचनं बघा. मागे उगवता सूर्य नाहीतर गुलाब, आणि फिरून फिरून तीच आठ-दहा वचनं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन तर कुणाच्या दहावीच्या निकालाला, कुणाच्या नवीन दुकानाला, कुणाच्या साखरपुड्याला. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, भविष्य आहे, आशा आहे. खरंच आहे ते. पण तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं, आणि त्याच्या अलीकडचंच वचन सांगतं की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर! पत्र वाचणाऱ्यांतले बहुतेक जण तोवर मातीत गेलेले असणार. त्याच अध्यायात वर असंही लिहिलंय की तिथंच घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते वचन गुलाबावर छापून आलेलं मला अजून दिसलं नाही.

तारखेची पद्धत असली की न आवडणारंही समोर येतं. २८ तारखेचं ८८वं घ्या. बहुतेक रडगाण्यांच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी उजेड दिसतो, "तरी मी तुझी स्तुती करीन" असं काहीतरी येतं. याच्यात नाही. सुरुवात आरोळीनं आणि शेवट अंधारात. घरात सगळं छान चाललेलं असताना असं स्तोत्र वाचायला विचित्र वाटतं. पण ते आपल्यासाठी नसलं तरी त्या दिवशी कुणासाठी तरी असतंच, आणि मी त्याच्या वतीनं वाचतोय असं समजतो. शेजारच्या गल्लीत एक बाई आहेत, नवरा गेल्यापासून चर्चला यायच्या बंद झाल्या. त्यांना "सगळं ठीक होईल" म्हणणारे पुष्कळ. २८ तारखेला मी ८८वं त्यांच्या नावानं वाचतो. त्यांना हे माहीत नाही.

२०१९च्या पुरात हे सगळ्यात लख्ख कळलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. त्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, शाहूपुरीतली ओळखीची घरं पाण्यात. आमच्याकडे वरच्या भागात पाणी आलं नाही, पण आमच्या मावशीचं कुटुंब सामानासकट आमच्या दोन खोल्यांत. ९ ऑगस्टला सकाळी मी नेहमीप्रमाणे वाचायला बसलो: ९, ३९ आणि मग ६९. त्याची पहिलीच ओळ अशी की देवा मला तार, पाणी गळ्याशी आलंय. मावशी भाजी निवडत होती, ती हात थांबवून म्हणाली, "हे मुद्दाम काढलंस व्हय?" मी म्हटलं नाही, तारखेचं आहे. तिला पटलं नाही. योगायोग म्हणा हवं तर, ९ तारीख दर महिन्याला येते आणि हे स्तोत्र कोरड्या ठणठणीत मे महिन्यातही येतं. मी ते इतक्या वेळा कोरड्या अंगानं वाचलं होतं म्हणून त्या दिवशी ते तोंडात तयार होतं. मावशीनं ते परत वाचायला लावलं. पुढं चिखलाचा उल्लेख येतो, पाय रोवायला जागा नाही असा, तिथं ती हसली. पाणी उतरल्यावर घरात काय सापडणार, हे तिला माहीतच होतं.

आता १०९. आमच्या धंद्यात पैसे अडकणं रोजचंच. एक पार्टी आहे, नाव नको. बुशचं, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांचं, मोठं काम घाईघाईनं करून घेतलं, रात्रपाळी लावून, प्रत्येक जॉब मायक्रोमीटरला लावून दिला. बिलाचं नाव काढलं की "साहेब बाहेरगावी आहेत". लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असा कायदा आहे. हे त्यालाही माहीत आहे, मलाही, आणि तक्रार केली तर पुढचं काम गेलं हेसुद्धा दोघांना माहीत आहे. तर १९ तारखेला "सावकार त्याचे सर्वस्व" या ओळीवर आलो की त्याचा चेहरा समोर येतोच. येऊ नये म्हणून मी खटपट करत नाही. तो चेहरा मी दिवसभर चकवर जॉब लावताना मनात घोळवत बसण्यापेक्षा सकाळी देवासमोर आणलेला बरा. दावीदही तेच करतो: शाप देतो, पण तलवार काढत नाही, माझ्या प्रेमाच्या बदल्यात ते माझ्यावर उलटले, मी तर प्रार्थनाच करतो, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. पुढं प्रेषितांच्या कृत्यांत येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी दुसरा निवडताना येशूचा शिष्य पेत्र याच स्तोत्रातली पदाची ओळ वापरतो. म्हणजे हे शब्द पहिल्या मंडळीनंही बाजूला टाकले नव्हते.

आणि गंमत म्हणजे १९ तारीख तिथं संपत नाही. आधी ४९वं सांगून गेलेलं असतं की श्रीमंत मरताना बरोबर काही नेत नाही. १०९च्या मागोमाग १३९ येतं: देवा, मला पारखून बघ, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का बघ. एवढं शापून झाल्यावर लगेच आपलीच झडती! त्यामुळं दर १९ला वर्कशॉपमध्ये गेल्यावर मी आधी मटेरियलवाल्याचा हिशोब बघतो आणि त्याचं काही निघत असेल तर त्याच दिवशी पाठवतो. मग त्या पार्टीला फोन लावतो. प्रार्थना केली म्हणून बिल मागायचं सोडायचं असं कुठंही लिहिलेलं नाही.

वाचनानंतरच्या प्रार्थनेसाठी माझ्याकडे जुनं चलन बुक आहे, मागच्या कोऱ्या बाजूला नावं लिहितो. पानांना कूलंटचा वास येतो. आजारी, परीक्षावाले, भांडलेले, कर्जवाले. वर्कशॉपमधला आमचा टर्नर माझ्यापेक्षा वयानं मोठा. सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळून काम सुरू करतो. मी बाजूला लेथवर हात ठेवून मनातल्या मनात "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणतो. दोघांचं एकाच वेळी संपतं. त्याच्या मुलीचं बाळंतपण अवघड होतं तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमच्या वहीत तेवढं नाव घाला की." घातलं. मुलगी, बाळ दोघं सुखरूप. आता तो दुसऱ्यांचीही नावं आणून देतो, आणि मागच्या आठवड्यात एका म्हशीचं आणलं. तेही लिहिलंय.

असं नाव घेऊन, आकडा धरून मागण्याची गोष्ट कोल्हापूरला नवीन नाही. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२मध्ये इथं आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आपल्या शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ला कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना रॉबर्ट आणि बहीण ग्रेस रोज मिळून प्रार्थना करायचे की कॉलेजांतून मिशनसेवेसाठी एक हजार तरुण मिळोत. १८८६च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर जणांनी नाव दिलं आणि तिथून विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. मिशनचं राजकारण, साहेबी थाट यावर बोलायचं तर पुष्कळ आहे. पण भाऊ-बहीण रोज बसून एक आकडा मागतायत, हे मला फार आवडतं. आम्ही मागताना फार मोघम मागतो. "सर्वांना आशीर्वाद दे" म्हटलं की झालं.

नव्या कराराचा एक अध्यायही रोज असतो, तो जेवणाच्या सुट्टीत. अध्याय २६०, आठवड्यात सहा दिवस वाचला की दहा महिन्यांत पुस्तक संपतं. त्याविषयी जास्त लिहीत नाही, डबा उघडा ठेवून घाईतच होतं ते. आईचं याहून कडक: रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे वर्षात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं. लेवीय आणि गणना ही नियमांची, याद्यांची पुस्तकंही तिनं एकदाही गाळलेली नाहीत. वंशावळी ती भाकरी थापताना म्हणते, ठेक्यात बसतात.

अडचण येते ती २९ तारखेला. २९, ५९, ८९, ११९, १४९. यातलं ११९वं एकटंच १७६ ओव्यांचं, आलेफ, बेथ, गिमेल अशा हिब्रू अक्षरांचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग. सकाळी जमत नाही. काही लोक ते ३१ तारखेसाठी राखून ठेवतात, पण ३१ वर्षातून सातच महिन्यांना असते आणि फेब्रुवारीत बहुधा २९सुद्धा नसते. आम्ही ते संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेला घेतो. जेवणं झाली की टीव्ही बंद, सगळे खाली सतरंजीवर, एकेकानं आठ ओव्या वाचायच्या. बायको नर्स आहे, तिची रात्रपाळी असली की ती निघायच्या आधी आपला भाग उभ्या-उभ्याच वाचून जाते. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला. तो व्हिडिओ कॉलवर. त्याला तारखांचं गणित माझ्याइतकंच पाठ आहे. २७ तारखेला ११७वं येतं, दोनच ओव्यांचं, पूर्ण बायबलमधला सगळ्यात छोटा अध्याय. त्या दिवशी स्वतःहून फोन करतो, "पप्पा, आज ११७ मी वाचतो." २९ला मात्र त्याच्या होस्टेलला रेंज नसते.