१/३२ चा लिबरेटर, आपल्या वायुसेनेच्या रंगात

१/३२ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढं, मोठ्या बॉम्बरचं प्लास्टिक मॉडेल करायचं म्हटल्यावर दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन बी-२४ लिबरेटरच करायचा हे डोक्यात पक्कं होतं, पण अमेरिकन मार्किंगचा नाही. ही विमानं १८ हजारांच्या वर बनली आणि मॉडेलवाले बहुतेक वेळा तेच एक करतात, ऑलिव्ह ड्रॅब रंग आणि नाकावर बाईचं चित्र. मला हवा होता आपला, ६ नंबर स्क्वाड्रनचा, जी १९५१ च्या जानेवारीत इथे पुण्यातच लिबरेटर घेऊन पुन्हा उभी राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांच्याकडची लिबरेटर कानपूरला टाकून दिली, वर कुणाला परत वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम तोडफोड करून ठेवली. १९४८ च्या सुमारास एचएएल म्हणजे बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकेक विमान जमेल तसं उडण्यापुरतं उभं केलं, याचा पार्ट त्याला लावून, आणि जमशेद मुन्शी हे त्यांचे टेस्ट पायलट ती कानपूरहून बंगलोरला उडवत घेऊन गेले. तिथे नीट ओव्हरहॉल झालं. चाळीसच्या वर विमानं अशी मिळाली आणि १९६८ पर्यंत उडाली. मला तर युद्धातल्या कुठल्याही मोहिमेपेक्षा हे काम मोठं वाटतं, आणि मॉडेलमध्ये तेच दिसायला हवं होतं, म्हणजे फॅक्टरीतून आलेलं विमान नाही, भंगारातून जोडून उभं केलेलं.

खरं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतेहतीस मीटर, म्हणजे १/३२ ला एक मीटरच्या थोडं वर. टेबलावर मावत नाही, वळवताना भिंतीला लागतं. आईने बॉक्स बघूनच विचारलं, "हे ठेवणार कुठे रे?" त्यामुळे पहिला निर्णय असा की पंख चिकटवायचे नाहीत. आतून पितळी नळ्या टाकल्या, एकात एक सरकणाऱ्या, अरल्डाइटने पक्क्या केल्या, की पंख बाहेरून सरकवून बसतील आणि हवे तेव्हा निघतील. एवढ्या मोठ्या पंखाचा भार नुसत्या प्लास्टिकच्या खाचेवर टाकू नका, काही महिन्यांत टोकं खाली यायला लागतात.

दुसरं म्हणजे नाकातलं वजन. लिबरेटरला चाक पुढे आहे, शेपटीला नाही, आणि मागे एवढी लांब बॉडी, जोडीला दोन मोठे फिन, म्हणजे शेपटीचे उभे पंख, त्यामुळे वजन कमी पडलं की मॉडेल शेपटीवर बसतं. गाड्यांच्या चाकाला बॅलन्सिंगला लावतात ती शिशाची वजनं टायरवाल्याकडून आणली. बॉडी बंद करायच्या आधी सगळं, पंख आणि इंजिनांसकट, टेपने जोडून मुख्य चाकांच्या जागी आधार देऊन तोलून बघायचं आणि लागेल त्यापेक्षा थोडं जास्तच घालायचं, कारण रंग आणि मागचा टरेट, म्हणजे मशीनगनचा फिरता घुमट, नंतर येतो. पण मग सगळा भार चाकांच्या पायांवर येतो, म्हणून पाय धातूचे घेतले.

बॉम्ब बे, म्हणजे पोटातली बॉम्ब ठेवायची जागा, मात्र मनापासून केला. याची दारं इतर बॉम्बरसारखी खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी बॉडीच्या बाजूने वर सरकतात, आणि मधून जाणारी चालायची पट्टी जेमतेम नऊ इंच रुंद. १/३२ ला ती सात मिलिमीटर होते. हवेत असताना माणसं त्या पट्टीवरून पुढे-मागे जायची. ती रंगवताना वरचा रंग घासून खालचा चंदेरी दाखवला, फक्त मधोमध, जिथे बूट पडणार तिथेच.

इंजिनं चार, प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प, प्रत्येकाला १४ सिलिंडर, सातसातच्या दोन रांगा. सिलिंडरला दोन प्लग म्हणजे एका इंजिनाला २८ वायरी, चारांच्या ११२. जुन्या ट्रान्सफॉर्मरची बारीक तांब्याची तार घेतली. पण काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं गोल झाकण, लागल्यावर मागची रांग दिसतच नाही, तेव्हा पुढच्या सातांच्याच केल्या आणि तो वेळ इंजिनाच्या रंगाला दिला.

आता खरा मुद्दा, रंग. आपली लिबरेटर उघड्या धातूची, आणि वेगवेगळ्या विमानांचे पार्ट लागलेले, म्हणजे पत्र्याची छटा एकसारखी कशी असेल? ग्लॉस ब्लॅक बेसवर अल्क्लॅड या धातूसारख्या दिसणाऱ्या लॅकर रंगाच्या तीन-चार छटा घेतल्या, ॲल्युमिनियम, डार्क ॲल्युमिनियम, ड्युराल्युमिन, आणि बाजूचे पत्रे टेपने झाकून एकेक पॅनल मारत गेलो. डावीकडचं आउटर इंजिन पूर्ण वेगळ्या छटेत केलं, जणू दुसऱ्या विमानावरून काढून लावलंय. हे माझं अनुमान आहे, कुठल्या एका फोटोची कॉपी नाही, पण पटणारं आहे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारायला जाऊ नका, दमट हवेत पांढरट धुरकट होतं, मी सरळ दिवाळीपर्यंत थांबलो. टेप आधी तळहाताला चिकटवून थोडी मऊ करून घ्यायची, नाहीतर खालचा धातू उचलून येतो.

धुराचे डाग रंगवताना बघितलं की बरेच जण पंखावरून काळे पट्टे ओढतात. लिबरेटरचा एक्झॉस्ट इंजिनाखालच्या टर्बोसुपरचार्जरमधून जातो, त्यामुळे डाग नॅसेलच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या, खाली येतात. वर फार तर तेलाची गळती, बर्न्ट अंबर ऑइल कलर, ब्रशने मागे ओढलेला.

भारतीय राउंडेल, म्हणजे वायुसेनेचं तिरंगी गोल चिन्ह, याचे या साइझमध्ये डेकल, म्हणजे चिकटवायचे छापील स्टिकर, मिळाले नाहीत, आणि बरं झालं. कंपास कटरने मास्क कापले, आधी पांढरा, मग मधला हिरवा, शेवटी बाहेरचा केशरी. रंगवलेला राउंडेल पॅनलच्या रेषांमध्ये नीट उतरतो, डेकलसारखी कड दिसत नाही. केशरी निवडायला मात्र वेळ गेला, बाटलीतला कुठलाच पटेना, शेवटी ऑरेंजमध्ये थोडा पिवळा आणि चिमूटभर ब्राउन घालून जमला. उरलेला रंग छोट्या बाटलीत भरून ठेवलाय, फिन फ्लॅश, म्हणजे शेपटीवरचे तिरंगी पट्टे, अजून बाकी आहेत, दोन्ही फिनच्या बाहेरच्या बाजूला.