रोपाआधी मातीची चौकशी: आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

"पिटकुळी आहे का? दर काय?" असा फोन आला की आमच्याकडे दर लगेच सांगत नाहीत. आधी आम्हीच विचारतो. जागेवर ऊन किती तास? माती काळी की लाल? पाणी नळाचं की बोअरचं? रोप भिंतीला चिकटून लावणार का? काही जण वैतागून फोन ठेवतात. "रोप विकत घेतोय, मुलगी मागत नाही," असंही एकाने सुनावलं होतं. पण कुडाळ तालुक्यातली आमची छोटी रोपवाटिका ज्या झुडपावर उभी आहे त्याचं पुढचं सगळं या चार उत्तरांवर ठरतं, म्हणून विचारणं सोडलेलं नाही.

पिटकुळी म्हणजे पुस्तकातला बकोरा किंवा पेंटगूळ, शास्त्रीय नाव इक्झोरा कॉक्सिनिया. दक्षिण कोकण, गोवा, केरळ ते श्रीलंका हा तिचा मुलूख. बारमाही हिरवं, माणसाच्या उंचीचं किंवा थोडं वर जाणारं झुडूप, आणि फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलांचे गुच्छ. सिंधुदुर्गात ती सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या माळाच्या कडेला, गडग्याच्या आडोशाला, देवराईच्या तोंडाशी आपसूक येते. फुलातला दांडा ओढून मध चोखायचा आणि पिकलेली काळपट-जांभळी फळं तोंडात टाकायची, हे इथल्या प्रत्येक पोराने केलेलं असतं. त्यामुळे ही विकायची वस्तू आहे, असं कोणाच्या मनात येणंच कठीण होतं.

आमची सुरुवात पिटकुळीने झालीच नाही. वडिलांनी रोपवाटिका काढली ती काजू-आंब्याच्या कलमांसाठी. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणात कलमांना एकदम मागणी आली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती लोक नाव घेऊन मागायचे. मृदुकाष्ठ कलम बांधणाऱ्या हातांना सवड नसायची. मग व्हायचं तेच झालं. ज्याच्याकडे विहीर आणि चार गुंठे मोकळी जागा, त्याने कलमं बांधायला घेतली आणि दर उतरले. दर उतरले ते एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण वेगळी होती. कलमं खपतात पावसाच्या तोंडावर. गणपती आले की गिऱ्हाईक संपलं. मजुरी, पाणी, राखण मात्र बारा महिने. पावसाळा संपल्यावरही विकता येईल असं काही तरी हवं होतं.

ते सुचवलं चाकरमान्यांनी. गणपतीला गावी आलेले मुंबईकर परतताना आमच्या खळ्यापुढच्या पिटकुळीची फांदी मागून न्यायचे. पुढच्या वर्षी सांगायचे, कुंडीत लावली, जगली नाही. दर वर्षी तेच. मी वडिलांना म्हटलं, आपण मुळं फुटलेली रोपंच देऊ. ते हसले. "रानातली झाडा इकत कोण घेतलो रे?" गावापुरतं त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. गावात पिटकुळी कोणी विकत घेत नाही, फांदी मागतात. आणि आम्ही देतो.

मातृझाडांसाठी, म्हणजे ज्यांच्या फांद्यांतून रोपं करायची त्या झाडांसाठी, रान उकरायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. पहिली झाडं नात्यातल्या आणि शेजारच्या परसांतली. पुढे मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं आणि रस्त्याकडेची जुनी झुडपं तुटायला लागली, तेव्हा तोडलेल्या फांद्यांतून छाट, म्हणजे रोवायचे तुकडे, घेऊन ठेवले. त्यातल्या एका झाडाचे गुच्छ इतरांपेक्षा दाट येतात. आमच्या विक्रीतला मोठा वाटा त्याच्याच पोरांचा आहे.

छाट लावणं सोपं दिसतं. फांदी कोवळी असेल तर कुजते, जून असेल तर नुसती उभी राहते. हवी ती मधली: साल हिरवटपणा सोडून तपकिरी व्हायला लागलेली, टोकाला फूल किंवा कळी नसलेली, तीन-चार पेऱ्यांची. खालची पानं काढायची, वरची निम्मी कापायची, बुडाला आयबीएची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची, पूड लावायची आणि चाळलेली वाळू व कोकोपीट यात रोवायचं. जूनमध्ये हवाच इतकी दमट असते की वेगळ्या धुक्याच्या यंत्राची गरज पडत नाही. वर प्लॅस्टिकचा बोगदा केला की झालं. मुळं यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात छाट ओढून बघायचा नाही, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम, आणि तो मोडणारा बहुतेक वेळा मीच असतो, असं रोपवाटिकेतल्या काकी सगळ्यांना सांगतात. काजूची कलमं बांधून हात बसलेल्या या बायकांनी पिटकुळीचं काम एका हंगामात उचललं. कुठला छाट लागणार, हे त्या फांदी वाकवून सांगतात. मला अजून तितकं जमत नाही.

रोपं झाली, पण बाजारात कोणी ढुंकून पाहीना. कारण सरळ होतं. शहरातल्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात. त्यात सिंगापुरी मिनी एक्झोरा असतो: बारीक पान, बुटकं गोल झाड, आणि वीतभर पिशवीतही फुलांनी भरलेलं. शेजारी आमची पिटकुळी ठेवा. लांब फांद्या, मोठी पानं, फूल असलं तर एखादं. रंगही एकच, लाल. सिंगापुरीत पिवळा, गुलाबी, केशरी, हवा तो मिळतो. शिवाय आमचं रोप महाग, कारण ते पिशवीत जास्त काळ सांभाळावं लागतं. नर्सरीवाले म्हणायचे, माल चांगला आहे, पण हा समजावून सांगायला माणूस कुठून आणू?

म्हणून नर्सऱ्यांना माल देणं जवळजवळ थांबवलं आणि थेट घरमालकांना द्यायला लागलो. सिंगापुरीला मी नावं ठेवत नाही. पायवाटेच्या कडेला गुडघ्याएवढी रांग हवी असेल तर तोच घ्या, मी स्वतः सांगतो. पण अंगणाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभं राहणारं, मागची भिंत झाकणारं, पाखरं येतील असं झुडूप हवं असेल तर पिटकुळीच्या जवळपास तो पोचत नाही.

थेट विक्रीमुळे आम्हाला पुणं कळलं. रोपं इथून हिरवीगार जायची आणि वर्षभरात फोटो यायचे: शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ग्राहकांना वाटायचं पाणी कमी पडलं, मग आणखी पाणी. कोणी युरिया टाकायचं. आजार यातला कुठलाच नव्हता. पिटकुळी जांभ्याच्या मातीची. ही माती आम्लधर्मी, सामू (पीएच) पाच-सहाच्या आसपास, आणि लोहाने भरलेली. पुण्याकडची काळी माती चुनखडीची, सामू आठच्या घरात. तिथे लोह जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी, आणि बहुतेक बंगल्यांत झुडूप लावायची जागा म्हणजे नव्या कंपाउंडची भिंत. प्लॅस्टरचा चुना पावसाबरोबर मुळांशी उतरतो. वर बांधकामाचा राडारोडा मातीखाली दडपलेला असतोच.

तेव्हापासून ते चार प्रश्न. उत्तरं ऐकून आम्ही जे सांगतो ते असं. भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडा. काळ्या मातीत खड्डा करून लाल माती भरण्यापेक्षा जमिनीवर फूटभर उंच वाफा करा; खड्ड्यात चहूबाजूंनी काळ्या मातीचं पाणी येऊन थांबतं. वाफ्यात लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं शेणखत. राख, चुना, अंड्याची टरफलं यातलं काहीही या झाडाला घालू नका, बाकीच्या बागेत खुशाल घाला. पावसाचं पाणी साठवता आलं तर कुंडीतल्या झाडाला तेच द्या. पाचोळा झाडून जाळण्याऐवजी बुंध्याशी पसरा.

पानं पिवळी पडलीच तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. हे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून देतो, कारण संगमरवरी पोर्चचे फोटोही येऊन गेले आहेत. चुनखडीच्या जमिनीत मातीतून लोह द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घ्या. दुकानात स्वस्त म्हणून मिळणारं ईडीटीए तिथे फार काळ टिकत नाही. आणि हे सगळं दर दोन महिन्यांनी करायची तयारी नसेल तर पिटकुळी घेऊ नका. करवंद लावा, कुंती लावा. दोन्ही इथलीच, दोन्ही हिरवी, आणि काळ्या मातीत कुरकुर कमी. करवंद आमच्याकडे आहे. कुंती शेजारच्या रोपवाटिकेत मिळेल.

असं सांगून गिऱ्हाईक घालवतोस, असं घरचे म्हणत. काही गेलीही. एका मोठ्या गृहसंकुलाच्या कुंपणाचं काम हाताशी आलं होतं. आम्ही राडारोडा काढून उंच वाफा करायला सांगितलं, कंत्राटदाराला ते खर्चात बसत नव्हतं. काम दुसरीकडे गेलं. आमची रोपं तशीच पिशव्यांत राहिली, मोठी झाली, आणि नंतर जास्त दराने एकेक करून खपली.

दुसरा वाद कात्रीचा. पिटकुळीला फूल येतं नव्या फुटीच्या टोकाला. माळी दर पंधरवड्याला मोठ्या कात्रीने झाड टेबलासारखं सपाट करतो, म्हणजे प्रत्येक वेळी कळ्याच कापतो, आणि मग मालक विचारतात फुलं का नाहीत. बहर ओसरल्यावर गुच्छाखालची दोन पेरी काढा, आत खुपणारी एखाददुसरी जुनी फांदी बुडातून काढा, बास. चौकोनी हिरवी भिंतच हवी असेल तर तिला फुलाचं झाड कशाला वाया घालवायचं? फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. पानावर काळी काजळी धरते ती त्यांच्याच चिकट पाण्यावर. साबणाच्या पाण्याने जुन्या ब्रशने घासलं तरी घरगुती बागेत पुरतं.

जालीम औषध नको म्हणतो त्याला कारण आहे. पिटकुळीच्या फुलाची नळी लांब आणि बारीक, तिच्या तळाचा मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना सहज पोचतो. ब्लू मॉरमॉन, जे २०१५ मध्ये आपलं राज्य फुलपाखरू झालं, ते या गुच्छांवर हमखास दिसतं. मंकी पझल नावाच्या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या तर पिटकुळीची पानंही खातात. त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या असतात आणि त्या बाजूला दुसरं डोकं आहे असा भास होतो. पान खाल्लं म्हणून तक्रार करणाऱ्या एका ताईंना हे सांगितलं, तर त्यांनीच पुढे आणखी रोपं मागवली. शिंजीर आणि बुलबुलही येतात; बुलबूल फळांसाठी.

धंद्याला सगळ्यात मोठा टेकू मात्र अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. मुंबई, नवी मुंबई, पुण्यातले मल्याळी लोक. केरळात हिला तेच्ची किंवा चेत्ती म्हणतात, देवाच्या हारात ती तुळशीबरोबर गुंफतात. त्यांना सिंगापुरी चालत नाही, रानचीच हवी असते. एकाच्या बाल्कनीत झाड फुललं की त्या इमारतीतून पाठोपाठ फोन येतात. आणि त्यांना माती, ऊन, छाटणी यातलं काहीच समजवावं लागत नाही.

रोपं अजूनही बहुतेक खासगी बसच्या डिकीतूनच जातात. बुंधा ओल्या गोणपाटात, शेंडा वर्तमानपत्रात. एप्रिल-मेमध्ये पाठवत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. कलमांचा धंदा आम्ही बंद केलेला नाही, पण तो आता पावसाळ्यापुरता. वर्षाचा खर्च झुडपं काढतात. पिटकुळीपाठोपाठ पांढऱ्या फुलांचा पापट घेतला, तो बऱ्यापैकी चालतोय.

यंदा अंजनीच्या बियाही टाकल्या आहेत. माथेरान, महाबळेश्वरला गेलेल्यांनी ती पाहिली असेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीभर निळी-जांभळी फुलं. बी ताजंच पेरावं लागतं, आणि रोप इतकं सावकाश वाढतं की वडील रोज सकाळी वाफ्यापाशी उभे राहून विचारतात, "ही विकतलंस कधी?" नावनोंदणी चालू आहे, तारीख मात्र कोणी विचारू नये.