हवा उतरते कुठे? भरलेल्या ट्रेलरची फेरी आणि वाटेतली तपासणी

ट्रेलर भरलेला, ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे, निम्मी वाट सपाट, पुढे लांब घाट. निघताना सव्वाआठ बार दाबाला ड्रायरने (हवेतले पाणी काढणाऱ्या डब्याने) फुस्स केले. गव्हर्नरने कॉम्प्रेसरचा भार काढला, म्हणजे दाब पुरेसा झाल्यावर हवा भरणे थांबवले, इथपर्यंत सगळे ठीक. पण पुढे ब्रेकला पायही न लावता दर दोन-तीन मिनिटांनी तेच फुस्स ऐकू येऊ लागले. कॉम्प्रेसर चालू असताना काटा भरलेलाच दिसतो, त्यामुळे गळती आधी डोळ्यांना नाही, कानांना कळते.

पहिल्याच सपाट जागी थांबा घेतला. ट्रॅक्टर (पुढची ओढणारी गाडी) आणि ट्रेलर दोन्हींच्या चाकांना ठोकळे लावले, हवा पूर्ण भरून इंजिन बंद केले, हँडब्रेक सोडला आणि मिनिटभर काट्यावर नजर ठेवली. अर्धा बार उतरला. अमेरिकेतल्या जड वाहनांच्या परवान्याच्या चाचणीत ट्रेलरसह गाडीला ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 3 पीएसआय (दाबाचे दुसरे एकक) आणि दाबलेले असताना 4 पीएसआय उतरलेले चालतात. एकट्या गाडीला 2 आणि 3. बारमध्ये 3 पीएसआय म्हणजे जेमतेम 0.2. हे माप कुठेही उपयोगी पडते. ब्रेक दाबल्यावर पहिल्या क्षणी काटा खाली येतो तो धरायचा नाही, स्थिरावल्यापासून मोजायचे.

ट्रेलरची हवा तोडून पाहिली, तरी गळती तेवढीच. म्हणजे दोष ट्रॅक्टरमध्ये. कपलिंगची (ट्रॅक्टर-ट्रेलरच्या हवेच्या नळ्यांच्या जोडाची) रबरे तडकलेली असतात म्हणून बहुतेक जण आधी तीच बदलतात. त्याआधी ही एक चाचणी केली तर निम्मी गाडी तपासातून वगळता येते.

आवाज मागच्या ॲक्सलवरच्या रिले व्हॉल्व्हच्या (पायडलच्या इशाऱ्यावर ब्रेकला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) एक्झॉस्टमधून येत होता. इथेच बरेच जण नवा रिले व्हॉल्व्ह बसवतात आणि गळती तशीच राहते. हवा जिथून बाहेर पडते तोच भाग बिघडलेला असेल असे नाही. आधी ब्रेकची अवस्था बदलून पाहा. पायडल पूर्ण दाबले, गळती थांबली. पायडल सोडून हँडब्रेक लावला, तरीही थांबली. दोन्ही सोडले की पुन्हा सुरू.

रिलेचा इनलेट गळत असता तर हँडब्रेक लावूनही आवाज राहिला असता. हँडब्रेक म्हणजे स्प्रिंग ब्रेक: हवा स्प्रिंगला दाबून धरते, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. हँडब्रेक लावल्यावर त्या कप्प्यातली हवा निघून जाते, म्हणून गळती त्या कप्प्यातून आहे. दोन कप्प्यांमधले सील गेले की हवा पायब्रेकच्या कप्प्यात शिरते, तिथून नळीने उलटी रिलेत येते आणि एक्झॉस्टमधून सुटते. पायडल दाबले की दोन्हीकडे दाब सारखा होतो, म्हणून ती थांबते.

कोणता बूस्टर (चाकाजवळचा हे दोन्ही कप्पे असलेला ब्रेकचा डबा) ते ठरवायला हँडब्रेक सोडलेला ठेवून (ठोकळे लावलेलेच!) पायब्रेकची नळी एकेका बूस्टरवरून सैल करायची. ज्याच्या तोंडातून हवा येते तो दोषी. बदलताना आधी बोल्ट घालून स्प्रिंग आवळून धरा. स्प्रिंगच्या कप्प्याचा क्लॅम्प रस्त्यावर कधीही उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेते. असा बिघाड घेऊन घाट उतरू नये. इंजिन बंद पडले तर चारेक बारला बझर वाजतो, त्यानंतर हाताशी फार वेळ नसतो, आणि दाब आणखी उतरला की स्प्रिंग ब्रेक आपोआप धरू लागतात.

इतर खुणा थोडक्यात. फक्त पायडल दाबल्यावर गळत असेल तर बूस्टरचा डायफ्रॅम (रबरी पडदा), पायब्रेकच्या नळ्या किंवा पायडलचा फूट व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरचा भार निघाल्यावर ड्रायरच्या खालून हवा येतच राहिली तर पुढचा चेक व्हॉल्व्ह टाकीची हवा मागे सोडतो. कॉम्प्रेसर भरत असतानाच येत असेल तर ड्रायरच्या फुस्स करणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हमध्ये कचरा. काटा पाच-साडेपाचच्या आसपास येऊन थबकला तर संरक्षक व्हॉल्व्हने ब्रेकचे सर्किट वाचवले आहे. गळती हॉर्न, क्लच किंवा एअर सस्पेन्शनमध्ये शोधा. युनियनवर (नळ्यांच्या जोडांवर) साबणाचा फेस लावा. टेफ्लॉन टेप मात्र नको, तिचे तुकडे व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतात.

मुक्कामी थांबल्यावर काटा थोडा उतरला तर लगेच गळती समजू नये. टाकीतली हवा 40 अंशांवरून 20 वर आली की 8 बारचे साधारण 7.4 होतात. सकाळी शून्य मात्र माफ नाही. आणि टाक्यांचे पाणी काढताना तेलकट दुधी पाणी आले तर ड्रायर आणि कॉम्प्रेसर दोन्ही पाहून घ्या, कारण तेच तेल पुढे सीलची रबरे फुगवते.