बायोचारनं स्ट्रॉबेरीचा माल वाढतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

पाचगणीच्या बाजारात भेटा, लग्नाच्या पंगतीत भेटा, प्रश्न तोच: "काय वहिनी, त्या कोळशानं माल वाढला का?" हो की नाही, एवढंच हवं असतं. मी "अजून सांगता येत नाही" म्हटलं की समोरचा हसतो. शेतीची पदवी घेऊन एवढंच? म्हणून एकदाचं लिहून टाकते. कोळसा म्हणजे हाच बायोचार, काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला.

आपली तांबडी माती आंबट, त्यात वरच्या अंगाचा पाऊस. दिलेलं खत धुऊन जातं. सच्छिद्र कोळसा ते धरून ठेवेल, मातीचा सामूही (पीएच) जरा वर नेईल, हा हिशेब. हिशेबात खोट नाही. पण कोरा कोळसा मातीत घातला तर आधी तोच नत्र ओढून बसतो, म्हणून शेणखतात मुरवून घातला. मग बिनकोळशाच्या वाफ्यांनाही तेवढंच शेणखत द्यावं लागलं, नाहीतर गुण कोळशाचा की शेणखताचा, कसं कळणार? आणि हात सैल सोडून चालत नाही. सामू फार चढला की रोपाला लोह मिळेना होतं, कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

"अर्ध्या रानात टाका, अर्धं तसंच ठेवा, हाय काय त्यात!" असं सांगणारे भरपूर. आमच्या रानात पूर्वेच्या वाफ्यांवर ऊन आधी येतं, दव लवकर सुकतं, फळावर राखाडी बुरशी कमी. खालच्या अंगाला ओल जास्त. मग अर्धं म्हणजे कुठलं अर्धं? म्हणून चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवले. रोपं सगळी विंटर डॉन जातीची, एकाच नर्सरीतली. ठिबक तेच, मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) तेच. प्रत्येक वाफ्याचा माल वेगळा तोडायचा, वेगळा काट्यावर ठेवायचा, वहीत लिहायचा. तोडणाऱ्या बायका वैतागल्या. गाडी उभी असताना चार क्रेटचा माल चार ठिकाणी ठेवायला सांगणाऱ्या मालकिणीला काय म्हणत असतील, ते मला ऐकू येत होतं.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ. पहिला बहर संपत आलेला. रानात गेले तर आत्या वाफ्याशी वाकलेल्या. शेजारी बादली, हातात तांब्या. मल्चिंगच्या एकेका भोकात जीवामृत ओतत होत्या, शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं, घरी आंबवलेलं. फक्त बिनकोळशाच्या वाफ्यांना.

"आत्या, हे काय करताय?"

"अगं, त्यांना तू काहीच घातलं नाहीस. पोटच्या पोरांत असा दुजाभाव करतं का कुणी?"

"किती दिवस घालताय?"

"दिवस कुठं मोजू? उरलं की घालते."

मला रडू आलं. राग त्यांच्यावर काढता येईना, कारण चुकीचं त्या काहीच करत नव्हत्या. रोप सुकलेलं दिसलं तर पाणी घालायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. तुलनेसाठी एखादा वाफा मुद्दाम तसाच ठेवायचा, ही गोष्ट मी त्यांना धड समजावलीच नव्हती असं तुम्ही म्हणाल. समजावली होती. त्यांना पटली नव्हती.

वहीचं सांगते. पहिल्या बहरात कोळशाच्या वाफ्यांची बेरीज थोडी जास्त होती. पण कोळशाच्याच दोन वाफ्यांमधला फरक त्याहून मोठा होता. म्हणजे ती वाढ कोळशाची, की जागेची, की नशिबाची? त्यानंतरच्या आकड्यांत जीवामृत मिसळलेलं.

मग मला वाटायला लागलं की नुसतं वजन धरणंच कामाचं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीच्या मालाला जो भाव असतो तो मार्चच्या मालाला नसतो, बारीक फळ तर जॅमच्या कारखान्यात जातं. मोजायचं तर आधी आलेलं, पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीत, बसणारं मोठं फळ मोजा. पण लागणीच्या वेळची मी तिथंच अडवते: माप तू आधी ठरवलंस ना, एकूण वजन? आकडे मनासारखे आले नाहीत म्हणून मापच बदलतेस? तिला माझ्याकडे उत्तर नाही. तिनंही मार्चचा भाव पाहिलेला नाही.

तुम्ही कोळसा टाकायचा का? शेणखत बंद करून त्याच्या जागी टाकणार असाल तर नको. बाकी तुमचं रान, तुमच्या मातीचा सामू आधी तपासून घ्या.

यंदा पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यात. कोळसा मल्चिंगखाली आहे, वरून ओळखू येत नाही. कुठल्या वाफ्यात काय, हे तोडणाऱ्या बायकांना सांगितलेलं नाही, आत्यांनाही नाही. त्या रुसल्यात. जीवामृत आता सगळ्याच वाफ्यांना जातं, मापानं, आणि ते माप त्यांनीच ठरवलंय.