गोठ्यावरचा दिवा

काल लक्ष्मीपूजन आटोपल्यावर फराळाचं ताट घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेलो. फराळ द्यायचा होताच, पण मनात होता तो गोठ्यावरचा दिवा. त्याचं काही न बोलताच परत आलो. रात्री धड झोप नाही, आज दिवसभर कामात लक्ष नाही. म्हणून लिहून बघतोय.

दिवा सप्टेंबरपासून आहे. पांढराफटक एलईडी, गोठ्याच्या छपराखाली ठोकलेला, तोंड सरळ समुद्राकडे. त्यांच्या अंगणात पडतो त्याहून जास्त उजेड बाहेर सांडतो. खालचं कुरण, दगडी गडगा, वाळूकडे उतरणारी वाट, पार लाटांच्या फेसापर्यंत. आणि माझी सगळी फ्रेम नेमकी तिथेच आहे. आयर्लंडमधल्या केरी परगण्यात, सेंट फिनिअन्स बे या उपसागराच्या किनाऱ्यावर आम्ही राहतो; इथून दोन्ही स्केलिग बेटं समोर दिसतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊ-सव्वानऊला श्रवण नक्षत्राचे तीन तारे त्या बेटांच्या वर येतात आणि आकाशगंगेचा पट्टा त्यांच्या शेजारून तिरका समुद्रात उतरतो. वर्षातले थोडेच दिवस हे असं जुळतं. त्यात चंद्र नको, ढग नकोत, वारा नको.

काल सगळं जुळलं होतं. दिवाळीची अमावास्या, आणि केरीत नोव्हेंबरात स्वच्छ आकाश! नऊच्या आधीच ट्रायपॉड रोवून बसलो. वीस सेकंदांचं एक्स्पोजर. मागच्या स्क्रीनवर पाहिलं तर वरचं आकाश हवं तसं आलेलं, बेटांच्या कडा स्पष्ट, आणि खाली गडग्याचा एकेक दगड निळसर पांढरा उजळलेला. दगडांवरचं दगडफूलसुद्धा मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. कॅमेरा वर उचलला तर गडगा जातो, पण मग फोटोत जमीनच उरत नाही. डावीकडे सरकलो तर माझीच सावली लांबलचक होऊन कुरणात पडते. तासभर असंच. लेन्सवर दव धरत होतं, खारं पाणी उडत होतं, पुसत होतो.

मला वाईट वाटतं ते यासाठी की इथे राहायला आलो तेच मुळी या अंधारासाठी. २०१४ साली या सगळ्या कोपऱ्याला गोल्ड टियरचं, म्हणजे वरच्या दर्जाचं, डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपण्यासाठी राखलेला प्रदेश) म्हणून मान्यता मिळाली, जवळजवळ ७०० चौरस किलोमीटर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला अटलांटिक. युरोपात असं आकाश शोधावं लागतं. तेही बारा महिने नाही. ५२ अक्षांशावर मेच्या विशीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खरी रात्र होतच नाही, सूर्य पुरेसा खाली जातच नाही. उरलेल्या महिन्यांत पाऊस. म्हणजे माझ्या वाट्याला वर्षाकाठी थोड्याच रात्री येतात आणि त्यातली ही एक गेली. आई फोनवर विचारते, अगस्तीचा तारा दिसतो का रे तिकडून? नाही दिसत. इथून कधीच नाही. ते असो.

दिवा लावला तो आजोबा अंगणात घसरून पडले, मनगट मोडलं, म्हणून. त्यांची मुलगी कॉर्क शहराहून आली आणि लावून गेली. त्यात कुणाला काय बोलणार? तरी ही म्हणाली, बोलून तर बघ, चांगला माणूस आहे. म्हणून काल ताट घेऊन गेलो.

त्यांनी चकली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, एक तुकडा मोडला, मग दुसरी घेतली. कुत्रा टेबलापाशी आला तेव्हा त्याला आयरिशमध्ये दटावलं. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "आता तुला बरं पडत असेल नाही? त्या एवढ्याशा लाल दिव्यावर खाली उतरायचास, माझ्या पोटात गोळा यायचा. मुलगी म्हणाली होती झोपताना बंद करत जा. पण तू वर येताना दिसेपर्यंत मी ठेवतो चालू. कधी कधी मलाच डुलकी लागते, मग राहतो रात्रभर."

मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

म्हणजे मी खाली उभा राहून ज्या दिव्यावर चरफडत होतो तो माझ्यासाठी होता. हे कितीदा मनात घोळवलं तरी नीट बसत नाही. राग यायला जागाच उरली नाही आणि तरी फोटो गेलाच आहे. दोन्ही खरं आहे. माझी वाट बघत कुणी जागं राहिलंय हे शेवटचं कधी झालं? आजी बसायची पडवीत कंदील घेऊन. आमच्या पाखाडीवर फुरसं निघायचं, रात्री उशिरा येणाऱ्याला ती वरूनच हाका मारायची. पुढे पाखाडीवर खांब आला, ट्यूब लागली, तेव्हा वाडीत पेढे वाटले होते. अंधार सुंदर असतो असं तिथे कुणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. बरोबरच होतं ते. अंधारात कोण पडतं, कुणाला चावतं, हे ज्याला माहीत आहे त्याला मी आकाशगंगेचं कोणत्या तोंडाने सांगू?

पण आजोबांना आकाशाचं काही नाही असं मुळीच नाही. १० मे २०२४ च्या रात्री ध्रुवीय प्रकाशाने सगळं आकाश गुलाबी-हिरवं झालं तेव्हा ते सपाता घालूनच बाहेर आले होते आणि मान दुखेपर्यंत उभे होते. मीच खुर्ची नेऊन दिली.

सकाळी पुन्हा फोटो उघडले. एकात उजळलेला गडगा, त्याच्यामागे काळं पाणी, त्यावर दोन बेटं, त्यावर श्रवण. स्पर्धेला पाठवण्यासारखा नाही. पण ठेवलाय, पुसला नाही.

उपाय तसा अवघड नाही. दिव्यावर पत्र्याची टोपी बसवायची, तोंड खाली अंगणाकडे वळवायचं, २७०० केल्विनचा पिवळा बल्ब घालायचा. त्यांच्या पायाखाली उलट आतापेक्षा जास्त उजेड पडेल, आणि डोळ्यांत तिरीप येणार नाही. ही म्हणते, शनिवारी मुलगी येतेय, तिच्याशी बोल, सोपं जाईल. नको. जागे ते राहतात, तर विचारायचं त्यांनाच. शिवाय मी वर आलो की लाल दिवा दोनदा उघडझाप करीन, तो दिसला की खुशाल झोपा, हेही सांगायचंय. शिडी आपल्याकडे आहे.